नमुना द्यायला बर्मिंगहॅमला

परत आल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका मला भेटल्या की पहिल्यांदा विचारतात, राजवाडा पाहिलात का? नाही पाहिला. लंडनमध्ये मी विमानतळापलीकडे काही पाहिलं नाही. मी गेले होते ते माझ्या गालाच्या आतल्या थोड्या पेशी द्यायला. त्या द्याव्यात की देऊ नयेत, हे ठरेपर्यंत इंग्लंडातली तीन शहरं फिरून झाली. ज्यांनी इतके दिवस धीर धरून विचारलं नाही, त्यांच्यासाठी आता सगळं लिहिते आहे.

आधी घरचं सांगायला हवं. माझी मुलगी रूथ बर्मिंगहॅमच्या एका सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. जावई निखिल मूळचे पुण्याचे, बर्मिंगहॅमलाच एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतात. रूथला एक धाकटा भाऊ होता, शमुवेल. घरात शमू. त्याला ड्यूशेन नावाचा आजार होता. त्यात स्नायू हळूहळू झिजत जातात. शाळेत असतानाच त्याचं चालणं थांबलं, आणि एकोणिसाव्या वर्षी श्वास थांबला. हा आजार होतो बहुतेक मुलग्यांना, पण येतो पुष्कळदा आईकडून. मी नगरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वाटाण्याच्या झाडांची आकृती फळ्यावर काढून कितीतरी वर्गांना आनुवंशिकता समजावली. माझ्या स्वतःच्या शरीरात काय आहे, ते मात्र मला पायऱ्या चढताना शमूच्या होणाऱ्या हालांवरून कळलं.

तोच सदोष जनुक माझ्याकडून रूथकडेही आला आहे. तिला मूल हवं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मार्ग सांगितला: गर्भ शरीराबाहेर तयार करायचे, तपासायचे, आणि ज्याला आजार नाही तो उदरात ठेवायचा. तपासणी नेमकी व्हावी म्हणून रूथच्या आईचा नमुना उपयोगी पडणार होता. तो पोस्टानेही पाठवता आला असता.

रूथ फोनवर म्हणाली, "आई, पोस्टाने नको. तू ये. राहा, बघ, आणि मनापासून वाटलं तरच दे. नाही दिलास तर मी का म्हणून विचारणार नाही."

रूथचे वडील मंडळीचे पाळक होते. ते असते तर मी हा प्रश्न त्यांच्याकडे सरकवून मोकळी झाले असते. ते नाहीत, म्हणून मी व्हिसा काढला.

बर्मिंगहॅम

सप्टेंबर संपत आला होता. मी ज्याला थंडी म्हणत होते त्याला तिथले लोक "छान हवा" म्हणत होते. रूथचं घर विटांचं, शेजारच्या घराला चिकटलेलं. मागे अंगण एवढंसं. निखिलनी तिथे कुंड्यांत मेथी पेरली होती. बॅगेतून आणलेला कांदा-लसूण मसाला रूथनं डबा उघडून आधी नुसता हुंगला.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटीनं बसनं जायचं ठरवलं. थांब्यावर छप्पर, बसायला बाक, बसांचे नंबर, सगळं व्यवस्थित. एक बस माझ्यासमोरून निघून गेली. थोड्या वेळानं दुसरीही गेली. शेवटी एक शीख आजोबा आले, त्यांनी हात पुढे केला आणि बस थांबली. मला वाटत होतं, हात दाखवणं हे आपल्याकडे फाट्यावर एसटी थांबवायला लागतं, एवढ्या शिस्तीच्या देशात कशाला लागेल! आजोबा हिंदीत म्हणाले, "बहेनजी, यहाँ भी माँगना पडता है."

रूथ जिथे उपासनेला जाते त्या चर्चमध्ये बाई पाळक आहेत, रेव्हरंड हेलन. आपल्या मंडळीत हे कुणाला चालेल कोण जाणे, पण मला त्यांचं प्रवचन आवडलं, कारण ते आटोपशीर होतं. त्या रविवारी कापणीचा सण होता. आपल्याकडे या सणाला ज्वारीची पोती येतात, भोपळे येतात, पाय बांधलेली कोंबडी प्रवचनाच्या मध्येच ओरडते, आणि नंतर लिलावात पाळकांच्या भोपळ्यावर हौसेनं बोली लागते. तिथे वेदीच्या पायरीवर डबाबंद घेवडा, पास्त्याची पाकिटं, टूथपेस्ट आणि टॉयलेट पेपर रचून ठेवला होता. हे सगळं गरजू कुटुंबांना जाणार होतं. मी निखिलच्या कुंडीतली मेथीची जुडी ठेवली. शेजारच्या बाईंनी ती नाकाशी नेली आणि बागेतलं गवत असल्यासारखी हळूच परत ठेवली.

उपासनेनंतर हॉलमध्ये चहा होता. हेलनबाईंना रूथनं आमचं सगळं सांगितलेलं होतं. मी सरळ विचारलं, "तुमची मंडळी याला पाप म्हणते का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्यात एकमत नाही," त्या म्हणाल्या. "काही जण म्हणतात, बीज रुजल्या क्षणापासून तो जीव देवाचा आहे, त्यात निवड करायचा अधिकार आपल्याला नाही. काही म्हणतात, दुःख कमी करायला देवानं बुद्धी दिली, ती वापरावी. दोन्ही बाजूंना प्रार्थना करणारी माणसं आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी अशा दोन आयांच्या शेजारी बसले आहे. एकीनं तपासणी केली, एकीनं केली नाही. दोघींना मी एकच गोष्ट सांगू शकले नाही."

मला जरा राग आला. एवढ्या लांब येऊन पाळकाकडूनही निकाल मिळू नये! रूथ परत येताना म्हणाली, "आई, तू निकाल शोधतेयस. मी नाही शोधत."

"मग तू काय शोधतेस?"

"कंपनी," ती म्हणाली.

केंब्रिज

निखिलची मावसबहीण अनया केंब्रिजला संशोधन करते. तिचा जन्म तिकडचाच. योगायोग असा की तिचं काम स्नायूंच्या पेशींवर आहे. निखिल म्हणाले, "आई, तुम्ही विज्ञानाच्या टीचर. एकदा प्रत्यक्ष बघा तरी."

आगगाडीत मी शांततेच्या डब्यात बसले आहे हे मला ठाऊक नव्हतं. नगरहून माझ्या जाऊबाईंचा फोन आला. त्या लग्नाचं जेवण कसं झालं ते सांगत होत्या आणि त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. समोरच्या गृहस्थांनी मला काही म्हटलं नाही, फक्त खिडकीवरच्या पाटीकडे अतिशय दुःखानं पाहिलं.

केंब्रिज सायकलींचं गाव आहे. नदीकाठी विलोची झाडं, दगडी कॉलेजं, आणि आतल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही. अनया स्टेशनवर घ्यायला आली होती. मराठी बोलायची तिला हौस फार. "काकू, माझा लॅब छोटी आहे, पण चहा चांगली मिळते," ती म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. शिक्षकी पेशा सोडून मला बरेच दिवस झाले.

तिनं एक चपटी काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "हा पेशी बघा. एका मुलाच्या आहेत. त्याला ड्यूशेन आहे. त्यांनी दिल्या आपल्याला."

मी डोळा लावला. लांबट धाग्यांसारख्या पेशी एकमेकींना लागून पडल्या होत्या. मला वाटलं चित्र आहे. तेवढ्यात त्यातला एक धागा आखडला. थांबला. पुन्हा आखडला. शमूच्या पोटऱ्यांना रात्री पेटके यायचे तेव्हा मी हात ठेवून बसायचे, तेव्हा हाताखाली नेमकं हेच व्हायचं. मी डोळा काढला.

"काकू, बसा," अनया म्हणाली. तिनं स्टूल सरकवलं.

जरा वेळानं मी विचारलं, "तुम्ही यातली चूक दुरुस्त करता?"

"ट्राय करतो. पेशीच्या आत जाऊन तो चुकलेला भाग कापायचा, म्हणजे पेशीला जीनचं पुढचं वाचता येतं. डिशमध्ये जमतं कधी कधी. माणसात फार डिफिकल्ट आहे."

"आणि गर्भात? जन्माआधीच दुरुस्त केलं तर निवडायचा प्रश्नच नाही."

"इथे लॉ अलाऊ करत नाही, तसा गर्भ आईत ठेवायला. आणि मला पण भीती वाटते. एक ठिकाणी कापायला गेलो आणि दुसरीकडे कापलं तर? ते बाळ, मग त्याचा बाळ, सगळ्यांना जाईल."

"लोक म्हणत असतील, तुम्ही देव व्हायला निघालात."

अनया हसली. "काकू, मी रोज फेल होते. देव असा रोज फेल होत असेल तर होऊ दे."

दुपारी तिनं मला वाफाळता बटाटा खाऊ घातला, आख्खा, सालीसकट भाजलेला, पोटात चीज आणि घेवडा भरलेला. मीठ नाही, तिखट नाही. पर्समधून मी मसाल्याची पुडी काढली. अनयानंही आपला बटाटा पुढे केला.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते की, निवडण्यापेक्षा दुरुस्त करणं मनाला किती सोपं वाटतं. पण ते अजून हातात नाही. रूथला मूल आत्ता हवं आहे.

मँचेस्टर

हेलनबाईंनीच सुचवलं की, टॉमला भेटा. टॉम त्यांच्या जुन्या मंडळीतला. त्याला ड्यूशेन आहे आणि तो तिशी ओलांडलेला आहे. मी दोनदा विचारलं, तिशी? आपल्याकडच्या डॉक्टरांनी मला शमूबद्दल जे सांगितलं होतं त्यात तिशी कुठेच नव्हती.

मँचेस्टरला पाऊस बारीक, न दिसणारा. कोट ओला झाला की मगच कळतं. रूथला रजा मिळाली होती, म्हणून आम्ही दोघी गेलो. शहरात ट्राम आहेत, पिवळ्या. फलाट ट्रामच्या दाराला बरोबर टेकतो. आमच्यासमोर एक बाई चाकाच्या खुर्चीतून चढली, कुणी उचललं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही. रूथ तिच्याकडे बघत राहिली. शमूला शाळेत न्यायला रिक्षात बसवताना पाय रूथ धरायची आणि काखेत हात मी घालायचे.

टॉम स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. मदतनीस पाळीपाळीनं येतात. नाकावर नळी, शेजारी श्वासाचं यंत्र एका लयीत चाललेलं. बोटं थोडी हलतात, तेवढ्यावर तो कॉम्प्युटर चालवतो आणि चर्चच्या उपासनेचं ध्वनिमुद्रण साफ करून देतो. त्याची मदतनीस, नायजेरियाची एक हसरी मुलगी, तिनं आम्हाला चहा आणि बिस्किटं दिली. टॉमला यंत्राच्या दोन श्वासांमध्ये बोलावं लागतं, म्हणून तो थोडकं बोलतो.

त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "तुमचा मुलगा काय करायचा?"

शमू कसा गेला, हे सगळे विचारतात. काय करायचा, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की, तो क्रिकेटचं समालोचन करायचा. खिडकीत बसून गल्लीतल्या मुलांच्या सामन्याचं, तीन भाषांत, वेगवेगळे आवाज काढून. मुलं बाद झाली की खिडकीखाली येऊन भांडायची, कारण त्यानं त्यांची टर उडवलेली असायची.

टॉम हसला. हसताना यंत्राची लय चुकली, मदतनीस पुढे आली, आणि तो बोटानंच नको म्हणाला.

मग रूथनं त्याला विचारलं. तिनं फिरवून काही विचारलं नाही. "मी गर्भ तपासून घेणार आहे. तुला काय वाटतं?"

"माझ्या बहिणीनं घेतला," टॉम म्हणाला. यंत्रानं श्वास भरला. "तिला मुलगी आहे. मी तिचा धर्मपिता आहे, गॉडफादर. फार गोड आहे. मला नळीनं गुदगुल्या करते."

"बहिणीनं तुला आधी विचारलं होतं?"

"सांगितलं. जेवताना." पुन्हा श्वास. "मला उठून जाता आलं असतं तर मी गेलो असतो."

मग तोच म्हणाला, "जाता आलं नाही. म्हणून बसून राहिलो. बटाटे संपवले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. ती येत राहिली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हा आजार मी कुणाला देणार नाही. पण माझं आयुष्य टाळण्यासारखं होतं, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. ही दोन्ही वाक्यं माझीच आहेत. ती एकमेकांना पटत नाहीत, त्याला मी काय करू?"

निघताना त्यानं शमूचा आवाज ऐकायला मागितला. रूथच्या फोनमध्ये एक जुनी ध्वनिफीत आहे. तिनं ती लावली. शमू ओरडत होता, "आणि चेंडू गेला थेट कुलकर्ण्यांच्या काचेवर!" टॉमला शब्द कळले नाहीत. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होता. "माइक चांगला नव्हता," तो म्हणाला, "मुलगा चांगला होता."

ट्रामच्या थांब्यावर रूथ रडली. मी तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, पदरानं.

पुन्हा बर्मिंगहॅम

नमुना मी त्याच आठवड्यात दिला. क्लिनिकमधल्या मुलीनं गालाच्या आत कापसाची काडी फिरवली, बाटलीत घातली, झाकण लावलं. दात घासायला जास्त वेळ लागतो.

का दिला, हे मला आपल्या मंडळीतल्या दोघातिघांनी जरा कडक आवाजात विचारलं आहे. टॉमनं परवानगी दिली म्हणून नाही, त्यानं ती दिलीच नव्हती. पवित्र शास्त्रातून मला निकाल मिळाला असंही नाही. मी रूथकडे पाहिलं. जी मुलगी भावाला कुशीवर वळवत मोठी झाली, तिला आपण काय मागतो आहोत हे ठाऊक होतं. मी नमुना अडवला असता तर तिच्या जागी मी ठरवल्यासारखं झालं असतं. तो गर्व मला पेलवला नसता. एवढंच माझं उत्तर आहे. ज्यांना ते पुरत नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

पुढचे महिने इंजेक्शनांचे होते. रूथचं पोट फुगायचं, चिडचिड व्हायची. निखिल इंजेक्शन देताना तिच्यापेक्षा जास्त घाबरायचे. मी भाकरी करायचे. तिथलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, भाकरी चिरते, पण रूथ खायची. नाताळात दुपारी चारलाच अंधार. आपल्याकडे मंडळी गात गात घरोघर फिरते. तिथे रस्त्यावर चिटपाखरू नसतं, सगळे आपापल्या घरी जेवत असतात. मी करंज्या शेजाऱ्यांना नेऊन दिल्या. त्यांनी दारात उभं राहून पुष्कळदा आभार मानले आणि आत बोलावलं नाही. नव्या वर्षी त्यांच्यापैकीच एका बाईंनी स्वतः केलेला केक आणून दिला, तेव्हा आत येऊन तासभर बसल्या.

निकालाचा फोन रूथ कामावर असताना आला. निखिलनी घेतला आणि ती घरी आल्यावर स्वयंपाकघरात सांगितला. "तीन एम्ब्रियो टेस्टपर्यंत टिकले. दोन अफेक्टेड, मेल. एक फीमेल, कॅरियर."

म्हणजे मुलग्यांच्या दोन्ही गर्भांत आजार, आणि तिसरी मुलगी. तिला आजार होणार नाही, पण माझ्यासारखी, रूथसारखी, तो जनुक बाळगणारी. क्लिनिकनं विचारलं होतं की, ती चालेल का, की पुन्हा प्रयत्न करायचा?

निखिल म्हणाले, "म्हणजे पुढे तिलाही हेच सगळं?"

"हो," रूथ म्हणाली. "ती विचारेल तेव्हा सांगू. निखिल, तू कॅरियरशीच लग्न केलंयस."

"ते मला चालतंय की," निखिल म्हणाले, आणि तिघंही हसलो.

गर्भ ठेवतानाच्या खोलीत मला जाता आलं नाही, मी बाहेर बसले. निखिल बाहेर येऊन म्हणाले, "स्क्रीनवर एक ठिपका चमकला, बस." ते मंदिरातही क्वचित जाणारे. त्या दिवशी माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आई, तुमची ती प्रार्थना करा." मी केली. ते जोडे काढून बसले होते.

गर्भ रुजला. माझा व्हिसा संपायच्या आधी त्या इवल्या हृदयाचे ठोके मी ऐकले.

राहिला प्रश्न त्या दोन गर्भांचा. ते उदरात ठेवता येणार नव्हते. ते संशोधनाला देता येतील, किंवा जाऊ देता येतील. मी केंब्रिजची बशी पाहिली होती, तिचं मोल मला ठाऊक होतं. मला वाटलं रूथ संशोधनाला देईल, आणि मी स्वतःला त्यासाठी तयार करत होते.

ती म्हणाली, "आई, शेवटच्या वर्षी शमू दवाखान्यात होता तेव्हा डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन यायचे, रोज. एक दिवस तू खाली औषध आणायला गेली होतीस. त्यानं मला सांगितलं, चादर तोंडावरून ओढ. मी ओढली. ते आले, थांबले आणि निघून गेले. त्याच्या पेशी त्यानं दिल्या असत्या, विचारलं असतं तर. ह्यांना विचारता येत नाही. ह्यांना कुणी बघायला नको."

क्लिनिकनं सांगितलं, शुक्रवारी सकाळी ते दोन्ही गर्भ जाऊ देऊ. त्या सकाळी आम्ही तिघं कालव्याकाठी चालायला गेलो. बर्मिंगहॅममध्ये जुने कालवे पुष्कळ आहेत, अरुंद लांब होड्या काठाला बांधलेल्या असतात, छतांवर फुलांच्या कुंड्या. एका होडीतून पाव भाजल्याचा वास येत होता. बाकावर बसून मी प्रार्थना केली. दफनविधीचे शब्द वापरले नाहीत, नावंही ठेवली नाहीत. नाव ठेवणं मला जास्त वाटलं आणि नुसत्या पेशी म्हणणं कमी. मुलं झोपताना आपण डोक्यावर हात ठेवून जे म्हणतो, तेच म्हटलं.

आमेन म्हटल्यावर निखिल बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. निकालापासून त्यांच्या तोंडी "दोन एम्ब्रियो" होते, क्लिनिकमध्ये म्हणतात तसे.

मग त्यांनी विचारलं, "आई, त्या दोघांसाठी झालं ना?"

आपण माणसांनाच दोघं म्हणतो. निखिलच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. रूथनं मात्र मान वर केली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"हो," मी म्हणाले. "दोघांसाठी झालं."